किल्ली आतच राहते

ता. १२ नोव्हेंबर २०१८, सोमवार

आज तलासरीला आले. बरं वाटलं, उगाच खोटं कशाला लिहू.

नातीने, हिनाने, ही डायरी हातात दिली. तिच्या कंपनीने दिवाळीला वाटलेली, वर सोनेरी अक्षरं. म्हणाली, आजी, दिवसभर माझं डोकं खाण्यापेक्षा यात लिहीत जा. चौथीपर्यंत शिकलेय मी. आणखी शिकले असते तर मास्तरलाच बाकावर उभा केला असता, म्हणून बापाने वेळीच काढली असेल.

मी सोनूबाई, चिखल्याची. जन्म गेला बोंबील खारवण्यात, वाळवण्यात आणि डहाणूच्या बाजारात गिऱ्हाइकांशी भांडण्यात. आता गुडघे वाकत नाहीत. मुलगा दिपेश पोरबंदरकडे बोटीवर खलाशी आहे, सणावाराला उगवतो आणि चव नाही म्हणून जेवणाला नावं ठेवून जातो. सून पोरगी माझ्या ओटीत टाकून वर गेली. ती पोरगी आता कमावते आणि मला म्हणते, चल माझ्याकडे, कंपनीला चहा-जेवणाला बाई हवीय. आले.

खोली कंपनीच्या मागेच. वर पत्रा नाही, स्लॅब आहे. नळ मोरीतच. मागे काजूची दोन झाडं आणि पलीकडे हायवे, रात्रंदिवस ट्रक. समुद्राचा आवाज नाही म्हणून झोप येणार नाही असं वाटलं होतं, पण ट्रकही तसेच गाजतात. ठीक आहे.

ता. १५ नोव्हेंबर

कंपनी म्हणजे एक शेड. शेठ नविनभाई. बोलतो मराठी, हिशेब गुजरातीत. पहिल्याच दिवशी सांगितलं की इथे मासळी शिजवायची नाही, वास मशीनला चालत नाही. मी विचारलं, मशीनला नाक कुठे असतं ते दाखवा. हसला नाही. हसण्याने त्याचे दात झिजत असतील.

काम असं: खोक्यांतून लॅपटॉप येतात. पोरी त्यांचं पोट उघडून आत एक कुलूप बसवतात. कुलूप म्हणजे नखाएवढी काळी चकती. वर, हाताशी, बोट ठेवायची पट्टी. मग तो लॅपटॉप फक्त आपल्या माणसाचं बोट ओळखतो. चोराने नेला तरी आतलं सगळं त्याला कचरा दिसतं. बँकांचे, मोठ्या हापिसांचे असतात.

पोरी दोनच. आमची हिना आणि संगिता. संगिता वारली समाजातली, पलीकडच्या पाड्यावरची, तान्हं पोर घरी सासूकडे ठेवून येते. तोंडाने फटकळ, माझ्यासारखीच. मी भात मऊ केला तर म्हणाली, आजी, हा भात आहे की भिंतीला लावायचा चुना? आवडली मला. संध्याकाळी तिचा नवरा लहान्या सायकल घेऊन फाटकाशी उभा राहतो. ती मागे बसेपर्यंत त्याचं भांडण सुरू झालेलं असतं, आणि वळणापर्यंत तिने ते जिंकलेलं असतं.

दुपारी जमीन हलली. भांडी वाजली. धुंदलवाडीकडे रोज हलते म्हणतात.

ता. २४ नोव्हेंबर

नविनभाईला आज विचारलं, कुलूप आहे तर त्याची किल्ली कुठे ठेवता? त्याने मला मुलाला सांगावं तसं सांगितलं. किल्ली चकतीच्या आत जन्मते, आतच राहते. बाहेर येतच नाही. दुसरी किल्ली नसते, नक्कल होत नाही. चकती उपटली की किल्ली मेली, आणि तिने जे राखलं होतं तेही मेलं.

मी म्हटलं, असलं कुलूप करणारा माणूस सासरी नांदला नसावा.

ता. ३ डिसेंबर

नवा माल आला. वेगळ्या चकत्या, जरा जाड. खोक्यावर ना नाव ना गाव. नविनभाईला स्वस्तात मिळाल्या असणार, दिवसभर शीळ घालत होता.

या मालाची रीत वेगळी. दर वेळी नवं बोट घेऊन तपासणी करायची नाही. प्रत्येक पोरीचा एक ‘मास्टर’ लॅपटॉप. त्यात तिचं बोट एकदाच नीट घ्यायचं, सगळीकडून, आणि बाकीचे त्याच्यावर तपासायचे. संगिताचा मास्टर झाला, हिनाचा झाला. वर नावांच्या चिठ्ठ्या डकवून लोखंडी कपाटात ठेवले.

मग शेठला वाटलं म्हातारीचंही घेऊ, एक हात वाढेल. माझं बोट पट्टीने घेतलंच नाही. मिठाने आणि बोंबलाच्या काट्यांनी कधीच घासून टाकलंय. रेशनच्या दुकानातलं मशीनही मला असंच परत पाठवतं. शेठ मला माजी म्हणतो, त्याच्या भाषेत आई. म्हणाला, माजी, तुम्ही तर चोऱ्या करायला मोकळ्या. मी म्हटलं, तुमच्याकडे चोरण्यासारखं काही दिसलं की करते.

हिना म्हणाली, बोट ठेवलं तेव्हा पट्टी गरम लागली. आणि जरा ओढल्यासारखं झालं.

ता. ११ डिसेंबर

हिनाच्या बोटाचं टोक गुळगुळीत झालंय. रेषाच नाहीत. मिठाने झिजलेलं बोट खरखरीत असतं, माझं बघा. हे तसं नाही. समुद्राने घासलेल्या काचेसारखं आहे. संगिताचंही तसंच. ती म्हणाली, कामाने होतं, आजी. काम मी तुझ्या आईच्या जन्माआधीपासून करतेय, मला अक्कल शिकवू नको, असं म्हटलं.

कपाट पुसताना आत हात घातला. मास्टरच्या पट्ट्या गरम होत्या. लॅपटॉप बंद, वायर काढलेली. आणि पट्टी हलत होती, अगदी थोडी. जाळ्यातून काढलेल्या माशाचे कल्ले हलतात तशी. मी कपाट लावून घेतलं आणि हात राखेने धुतले.

ता. २० डिसेंबर

संगिताचं पोर तिच्याकडे येत नाही. काल अंगावर घेतलं तर किंचाळून निळं पडलं. सासू म्हणाली, तू कोण गं, पोराला हात लावू नको. संगिता ते आम्हाला हसत सांगत होती, म्हातारी आंधळी झाली म्हणून.

मी तिच्याकडे नीट पाहिलं. संगिताच आहे. पण नजर तिच्यावरून घसरते. बाजारात रोज शेकडो तोंडं दिसतात आणि एकही लक्षात राहत नाही, तसं.

ता. २ जानेवारी २०१९

आज फाटकाशी जे झालं ते लिहिते.

लहान्या सायकल घेऊन आला. संगिता बाहेर गेली, मागे बसायला लागली. तो ओरडला, उतर! कोण आहेस? ती म्हणाली, अरे, चल ना, कसली मस्करी. त्याने सायकल सोडून दिली. मला म्हणाला, आजी, माझी बायको आत आहे, तिला पाठवा, आणि या बाईने तिची साडी नेसलीय, ती काढून घ्या. संगिता त्याच्या तोंडासमोर उभी राहून म्हणत होती, लहान्या, मीच आहे, मीच आहे रे. त्याने तिला धक्का दिला. वाईट माणूस नाही तो. घाबरला होता. शेडमध्ये शिरून संगिता, संगिता करत त्याने खोकी उलटीपालटी केली.

मी त्याला सांगितलं, मेल्या, हीच तुझी बायको. तो माझ्याकडे असं बघत राहिला की जणू मी त्याला शिळी मासळी ताजी म्हणून विकत होते.

तो पोलिसांकडे गेला. ती जमिनीवर बसून राहिली.

ता. ९ जानेवारी

नविनभाई कमाल माणूस. संगिता सकाळी आली की तो तिला नाव विचारतो, नवी मुलगी म्हणून कामाला लावतो. रोज पहिला दिवस. ती रोज नाव सांगते. मी त्याला म्हटलं, हा तुमच्या त्या मालाचा प्रताप आहे. तो म्हणाला, माजी, भूकंपाने माणसं हलली आहेत, दुसरं काही नाही.

आजपासून हिनालाही नाव विचारू लागला.

ता. १३ जानेवारी

हिनाने बापाला फोन लावला. मी शेजारीच होते. म्हणाली, पप्पा, हिना बोलतेय. दिपेश म्हणाला, राँग नंबर. तिने पुन्हा लावला. त्याने शिवी दिली. मग मी फोन घेतला आणि माझ्या शिव्या ऐकवल्या तेव्हा म्हणाला, आई, हिनाला दे की फोन.

दिला. तो म्हणाला, ही कोण?

हिना जेवली नाही. मी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं नाही. दोघी तशाच बसलो.

तिला सांगितलं, काम सोड, उद्या चिखल्याला जाऊ. ती म्हणाली, कुठे जाऊ, आजी? तिथे मला कोण ओळखणार? इथे निदान तू आहेस.

ता. १७ जानेवारी

संगिता कामाला आली नाही म्हणून तिचा मास्टर नविनभाईने पुसून टाकला. बटण दाबलं, झालं. दुपारी मी पाड्याकडे डबा घेऊन गेले. भूकंपाच्या भीतीने सगळे तंबूत राहतात. संगिता एका तंबूच्या कडेला होती. तिच्याशी बोलले. तिने मला बघितलं, भिंतीने बघावं तसं. पेज तोंडाशी नेली तर गिळली. नाव विचारलं. नाव हा शब्दच तिला माहीत नव्हता.

म्हणजे ती आत होती. त्या चकतीत. इकडे फक्त साल राहिलं होतं, आणि ते आतल्या धाग्यावर चालत होतं.

हिनाचा मास्टर अजून कपाटात आहे. कपाटाची किल्ली त्या माणसाच्या कमरेला.

ता. २१ जानेवारी

खोलीत एक मुलगी शिरली. न विचारता. चुलीशी बसून माझ्या डब्यातले तांदूळ घेऊ लागली. मी उलथनं फेकून मारलं. कपाळाला लागलं. रक्त आलं. ओरडली नाही. म्हणाली, आजी, मी.

तिच्या अंगावर हिनाचा पंजाबी ड्रेस होता.

मी बाहेर जाऊन बसले. लहान्या आठवला. फाटकाशी मी त्याला मेल्या म्हटलं होतं.

परत आत आले. तिच्या कपाळाला हळद लावली. डोळे सांगतात परकी. डोकं सांगतं हिना. डोळ्यांचं ऐकायचं नाही असं ठरवलंय. आजवर मी कोणाचंच ऐकलं नाही, माझ्या डोळ्यांचं तरी कशाला ऐकू.

ता. २६ जानेवारी

ती मुलगी — हिना — हिना — हिना. लिहून ठेवते म्हणजे जिभेला सवय राहील.

नविनभाईने सांगितलं, उरलेला मास्टरही दोन फेब्रुवारीला पुसून खोक्यात भरायचा. ऑर्डर लागलीय. मी म्हटलं, हिनाचा राहू दे. तो म्हणाला, कोण हिना?

त्याच्या पाया पडले. होय, मी. म्हटलं, तिचं आतलं तिला परत द्या. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, माजी, किल्ली बाहेर काढायची सोयच ठेवलेली नसते. ठेवली असती तर ते कुलूप कसलं?

पहिल्यांदा त्याच्या तोंडावर भीती दिसली. याला माहीत आहे. मुडदा.

ता. २९ जानेवारी

शिंपल्या सुरीने उघडायला गेलं की फुटतात. आमच्याकडे नवी सून तेच करते आणि हात कापून घेते. शिंपल्या मीठ घातलेल्या पाण्यात ठेवायच्या, अंधारात. त्यांना वाटतं समुद्र आला. आपणहून तोंड उघडतात आणि पोटातलं बाहेर टाकतात. जबरदस्ती लागत नाही.

ती चकती जिवंत आहे. कल्ले मी पाहिले आहेत. जिवंत आहे ते तोंड उघडणारच.

हिनाला सांगितलं. ती म्हणाली, शेठ म्हणतो चकती उपटली की आतलं मरतं. मी म्हटलं, शेठ लोक असंच म्हणतात, म्हणजे कोणी हात लावत नाही. डहाणूच्या बाजारात एक व्यापारी म्हणायचा, बर्फाशिवाय सुरमई विकताच येत नाही. आम्ही विकत होतो.

ती म्हणाली, तू म्हणतेस तर.

ता. १ फेब्रुवारी

दुपारी जोरात हललं. आजवर असं नाही. स्लॅबची माती डोक्यावर पडली. शेडमधली रॅक आडवी. सगळे शेतात पळाले, नविनभाई चपला सोडून.

मी आत गेले. कपाट तिरकं होऊन दार आपोआप उघडलं होतं. तिच्या नावाची चिठ्ठी. तो मास्टर पदराखाली घातला. पोटाला गरम लागत होता, तापातल्या पोरासारखा.

खोलीत तिनेच स्क्रू काढले. हात सराईत. चकती मला बोटांनी धरायला दिली. मी ती उपटताना मुलगी जरा हुंकारली, बस. पातेल्यात मीठ, कोमट पाणी. वर झाकण.

वाट पाहिली.

झाकणाखाली बुडबुडे. उचलून पाहिलं तर चकतीची कड उघडली होती. ओठासारखी. आतून आवाज आला. हिनाचा. लहानपणचा, न्हाऊ घालताना पाणी नको म्हणून ओरडायची तो. आजी, खारं आहे. आजी, खारं —

मग मिटली. पाणी काळं झालं.

मी मान वर केली आणि ओळखलं तिला. एका क्षणात. तोच वाकडा दात, तीच भुवई, माझ्या आईचं नाक. माझी हिना. उलथन्याची खूण कपाळावर. मी हाक मारली.

ती माझ्याकडे बघत होती. भिंतीने बघावं तसं.

ता. २ फेब्रुवारी

मी मारलं तिला. शेठने नाही. शेठने आज पुसलं असतं, मी काल खारवलं.

रडले नाही. रडून काय होतं, मीठच वाढतं.

सकाळी तिला भात भरवला. भरवताना सवयीने बडबडले. म्हटलं, भवानी, लहानपणी वाकटी मासळीच्या तोंडात बोट घातलंस आणि चावली तर मलाच मारलंस. ती थांबली. गिळायची थांबली. म्हणाली, वाकटी. मग बोट बघितलं. हसली. तिचंच हसू!

म्हणजे भरता येते. पुन्हा भरता येते. मी कुलूप नाही, मी बाहेर देऊ शकते —

दुपार. सांगत सुटलेय. आईचं सांगितलं. शाळेचं. घोलवडच्या वाडीत चिकू चोरले ते. तिच्या डोळ्यांत एकेक दिवा लागतोय. मला आजी म्हणाली.

वर लिहिलंय वाकटी चावली. कोणाला? मला आठवत नाही. माझंच अक्षर आहे. चिकूचंही वाचते तर दुसऱ्याची गोष्ट वाटते —

कळलं. नक्कल होत नाही. तिला दिलं की माझं जातं.

हरकत नाही. जुन्या पातेल्यातलं नव्यात ओतते, सांडलं नाही म्हणजे झालं. जुनं पातेलं फेकायचंच असतं.

ती विचारतेय, पप्पा कसे दिसतात. सांगितलं. बोटीवर असतो ना — कोण? मी कोणाबद्दल —

ती रडतेय. म्हणते, बस कर आजी, आता नको. हात धरते माझा. म्हणते, तू माझ्याकडे अशी का बघतेस. पोरगी गोड आहे. कोणाची आहे ही. ड्रेस छान आहे —

फाटकावर कोणी हाका मारतंय. नविन — नविन कोण — ती म्हणते, चल, निघू, चिखल्याला जाऊ. तिला वाट माहीत आहे. बरं झालं. मला नाही —

ती म्हणते, निघण्याआधी एकच. माझं सगळं आठवतंय, फक्त आजीचं नाव सापडत नाही. ते तू अजून दिलं नाहीस. नको देऊस म्हणते, ते ठेव तुझ्याकडे —

वेडी. अर्धवट काम मी कधी केलं नाही. थांब, सांगते. लिहून देते. माझं नाव